सहा घरांना विकलेला एक गणपती

एका वर्षी मी एकच गणपती सहा घरांना विकला.

हे वाक्य वाचून कुणाला मी मूर्तींचा व्यापारी वाटेन, कुणाला भामटा. मी दोन्ही नाही. भामट्याला निदान आपण काय करतोय हे माहीत असतं. मी वेबसाइट बनवतो. त्याआधी माझं मंडईजवळ डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये' अशा पाट्या, सगळं छापून द्यायचो. पुढे लोक पत्रिका मोबाइलवर पाठवायला लागले, तेव्हा पोट घेऊन मीही मोबाइलच्या बाजूला गेलो. या धंद्याचं माझं रीतसर शिक्षण काहीही नाही. बिघडलं की शिकायचं, एवढाच अभ्यासक्रम. बिघडायचं कधी थांबलं नाही, त्यामुळे शिक्षण अजून चालू आहे.

आता सुनंदाताईंबद्दल सांगतो, कारण गणपती त्यांचा होता.

कात्रजला, घाट सुरू होण्याच्या जरा अलीकडे त्यांची पत्र्याची शेड आहे. शाडूच्या मूर्ती करतात. साचा वापरतात तो फक्त अंगापुरता. सोंड, हात, बसण्याची ढब आणि चेहरा सगळं हातानं. त्यामुळे एकासारखा दुसरा होत नाही. पूर्वी त्यांच्याकडे ठरलेली पद्धत होती. घरातलं कुणीतरी आपला पाट घेऊन शेडवर यायचं, मूर्ती पसंत करायचं आणि पाट तिच्याखाली ठेवून जायचं. पाट सरकला की गणपती ठरला. मागून आलेल्या माणसाला पाट दिसायचा, तो मुकाट्यानं दुसऱ्या मूर्तीकडे वळायचा. पावती नाही, वाद नाही.

या सुखी कारभारात मी वेबसाइट आणली.

प्रत्येक मूर्तीचा फोटो, खाली 'ठरवा' असं बटण. बटण दाबलं, नावगाव भरलं की मूर्ती तुमची. मग बटण नाहीसं व्हायचं आणि तिथे पाटाचं छोटं चित्र यायचं. ही पाटाची कल्पना माझी. तिचा मला इतका अभिमान होता की ती मी रिक्षावाल्यांनाही सांगायचो.

बुकिंग गुरुपौर्णिमेला सकाळी उघडायचं. पहिली काही वर्षं बरी गेली. मग कुणीतरी शेडचा व्हिडिओ काढला, तो गावभर फिरला, आणि पुढच्या गुरुपौर्णिमेला अख्खं शहर एकदम वेबसाइटवर आलं. वेबसाइटनं डोळे मिटले ते संध्याकाळी उघडले. सुनंदाताईंचा फोन आला.

"पानसेकाका, सगळ्यांचे गणपती अनंत चतुर्दशीला बुडतात. आपली वेबसाइट गुरुपौर्णिमेलाच?"

मी म्हणालो, "ताई, जागा लहान पडतेय. मोठी बघतो."

ही जागा म्हणजे काय, ते या धंद्यात नसलेल्यांसाठी सांगतो. वेबसाइट कुठल्यातरी संगणकावर राहते. तो संगणक भाड्यानं घ्यायचा, याला होस्टिंग म्हणतात. सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे पेठेतली कॉट बेसिस खोली. एका खोलीत अनेकजण, एकानं नळ सोडून ठेवला की बाकीच्यांना पाणी नाही. आम्ही तिथे होतो. दुसरा प्रकार स्वतंत्र ब्लॉकचा. जागा सगळी तुमची, पण गळका नळ, उडालेला फ्यूज, आलेला चोर हेही तुमचंच. तिसरा प्रकार क्लाउड. म्हणजे गरज पडेल तशी शेजारची खोली उघडून मिळते, गर्दी ओसरली की बंद होते. आणि यातच वरचा प्रकार म्हणजे मॅनेज्ड क्लाउड. हे मंगल कार्यालयाचं संपूर्ण पॅकेज. पाहुण्यांच्या चहापासून भटजींच्या पाटापर्यंत सगळं कार्यालयवाले बघतात, आपण फक्त शेला घेऊन फिरायचं.

मला शेला घेऊन फिरायचं होतं.

तीन कंपन्या निवडल्या आणि तक्ते घेऊन बसलो. माझा गोंधळ तिथून सुरू झाला. तिघांच्याही तक्त्यांत खालपर्यंत हिरव्या बरोबरच्या खुणा. एकाच गोष्टीला तिघांनी तीन नावं दिली होती आणि तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव. पहिल्या कंपनीचा मुलगा म्हणाला, "सर, तुमचे कॉन्करंट यूझर्स कसे आहेत?" मी म्हणालो, "सज्जन आहेत." त्याला विचारायचं होतं एका वेळी किती माणसं येतात. दुसऱ्या कंपनीची मुलगी प्रत्येक प्रश्नाला "डिपेंड्स" म्हणायची. अहो, मूर्ती दाखवायच्या आहेत, त्यात डिपेंड्स काय? तिसऱ्याला मी थकून एकच विचारलं, "बिघडलं तर फोन कुणाला करायचा?"

"आम्हाला करा सर. आम्ही सगळं बघतो."

या तिसऱ्या मुलाचं नाव सौरभ. 'सगळं' हा शब्द त्यानं असा काही उच्चारला की मी तिथल्या तिथे त्यांची कंपनी घेतली. मंडईत लिंबं घेताना मी दहा दाबून बघतो. इथे मात्र दाबून काय बघायचं तेच कळत नव्हतं.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कधीकधी आपल्यापेक्षा बरं विचारतं, हेही सांगून टाकतो. वाघोलीच्या बाळासाहेबांची मुलांची होस्टेलं आहेत, त्यांची वेबसाइट मीच केलेली. जमीन वडिलोपार्जित, पाहण्याची नजर जमिनीचीच. त्यांनाही मी याच सुमारास क्लाउड समजावत होतो.

"जागा कुनाची?"

"कंपनीची."

"मंग सातबारा कुनाच्या नावावर हाय?"

मी हसलो. म्हणालो, "यात सातबारा नसतो हो. वेबसाइटच्या नावाची तेवढी नोंदणी असते."

"ती कुनाच्या नावावर हाय?"

मी बघितलं. माझ्या. घाईत केलेली, मग राहून गेलेली.

"बगा," बाळासाहेब शेजारी बसलेल्या सोबत्यांना म्हणाले, "होस्टेल आपलं, पाटी आपली, आन् उतारा पानश्यांचा. कुळ लागलं म्हनायचं आपल्याला."

ती नोंदणी मी त्यांच्या देखत बदलून दिली. चहा मिळाला, साखर कमी होती.

तर सुनंदाताईंची वेबसाइट मी नव्या जागी हलवली. जागेचा ताबा घेताना पडद्यावर बऱ्याच चौकटी होत्या, हे हवं का, ते हवं का. मी प्रत्येकीत खूण केली. पॅकेज आहे, सोडायचं कशाला? त्यातली एक चौकट होती 'पेज कॅश'ची. तिच्यामागचा विचार साधा आहे. हजार माणसं एकच पान मागतात. दर वेळी ते नव्यानं रांधायचं म्हणजे सर्व्हरचा जीव जातो. म्हणून तो एकदा रांधतो, प्रती काढून ठेवतो आणि येईल त्याच्या हातावर प्रत ठेवतो. पुरणपोळीची कृती सांगणारं पान असेल तर उत्तम. कृती तासाभरात बदलत नाही. पण पानावर 'ही मूर्ती अजून शिल्लक आहे' असं लिहिलेलं असेल, तर ती बातमी तासभर जुनी होते आणि माणसं ती ताजी समजून खातात.

तरी सगळं निभावलं असतं. बटण दाबल्यावर 'मूर्ती आधीच कुणी ठरवली आहे का' एवढं तपासणारी एक ओळ मी लिहायला हवी होती. लिहिली नव्हती. ठरलेल्या मूर्तीखाली बटणच दिसणार नाही, मग तपासायचं कशाला, असा माझा बिनतोड युक्तिवाद होता. जुन्या सर्व्हरवर तो खपला, कारण तो सर्व्हर इतका हळू होता की दोघांना एकदम सेवा देण्याची त्याच्यात ताकदच नव्हती. त्याच्या अशक्तपणाला मी माझी हुशारी समजत होतो.

चाचणी केली का? केली ना. स्वतः एक मूर्ती ठरवली, पान पुन्हा उघडलं, बटण गेलेलं, पाट आलेला. वा! फक्त मी मालकाच्या नावानं आत शिरलो होतो आणि मालकाला ही व्यवस्था प्रत देत नाही, ताजं पान देते. मालकाला ताजं आणि गिऱ्हाइकाला शिळं, हे या शहरात मला नवं वाटायला नको होतं.

गुरुपौर्णिमेचा दिवस उजाडला. बुकिंग उघडलं. वेबसाइट पडली नाही. अडखळली नाही. मी खुर्चीत मागे रेलून बायकोला म्हणालो, "बघ, अख्खं पुणं आत आहे आणि पान कसं लोण्यासारखं उघडतंय."

ती म्हणाली, "मग चेहरा असा का?"

"फोन येत नाहीये."

खरंच सवय नव्हती. शेवटी मीच सुनंदाताईंना फोन लावला.

"काय ताई, कसं काय?"

"काका, मूर्ती आहेत त्याच्यापेक्षा जास्त ठरल्यात."

"अभिनंदन!" मी म्हणालो.

मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "काका, मी एकेकच केलीय."

मी लगेच सौरभला गाठलं. त्यानं सगळं तपासलं आणि म्हणाला, "सर, आमच्या बाजूनं एकदम परफेक्ट चाललंय." ते खरं होतं, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. त्यांनी सगळं बघतो म्हटलं होतं आणि ते सगळं बघत होते. मी काय लिहून ठेवलंय ते मात्र मीच बघायचं होतं. प्रती देणं त्यानं तेवढ्यापुरतं बंद केलं, ती राहिलेली ओळ मी लिहिली. झालेलं मात्र होऊन गेलं होतं.

बहुतेक गोंधळ सुनंदाताईंनी स्वतः फोनवर निस्तरला. एका मूर्तीवर दोन घरं असली की कुणीतरी समजून घ्यायचं, दुसरी पसंत करायचं. अडलं ते एकाच मूर्तीपाशी. छोटीशी मूर्ती, मान किंचित कलती, जणू कुणी हळू बोलतंय ते ऐकतोय असा गणपती. तशी मान ताईंकडून एकदाच जमून गेली होती. रंग चढायचा होता, नुसती करडी माती होती, तरी फोटोतून नजर हलत नव्हती. त्याच्यावर सहा घरं.

"मूर्ती पहिल्या घराला द्या. पहिलं कोण ते माझ्याकडे दिसतंय," मी म्हणालो.

"आणि बाकीच्या पाच जणांना?"

"सांगायचं, चूक झाली."

"माझ्या शेडमध्ये ठरलेली मूर्ती कुणाला नाकारलेली नाही आजवर. सासऱ्यांच्या वेळेपासून नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं वाटलं असतं. "लोक आगाऊ पैसे देत नाहीत माझ्याकडे, माहितीय ना? पाट ठेवतात आणि जातात. शब्दावर चालतं. तो शब्द आता सहा जणांना दिलाय, माझ्या नावानं. मी नाही नकार देणार. तुम्ही द्या."

मी फोन करायला बसलो. पहिला फोन लागला लिमये म्हणून एका निवृत्त गृहस्थांना. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आपण वेबसाइटवाले का?"

"हो."

"मग आपण असं करा, मला नका सांगू. गणपतीला सांगा. त्याचे कान मोठे आहेत."

दुसरी वाघोलीची ऐश्वर्या. नवा फ्लॅट, घरातला पहिला गणपती. "काका, कन्फर्म्ड लिहून आलं ना मला! स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. सासूबाईंना पाठवला, त्यांनी गावाकडच्या ग्रुपवर टाकला. आता मी काय सांगू, सर्व्हर इश्यू होता म्हणून बाप्पा कॅन्सल झाले?" ती रडवेली झाली. आणि मी, काय सांगू, तिला म्हणालो, "बघतो, तुम्हालाच मिळेल असं करतो." चौथ्या फोनवर एका आजींनाही हेच म्हणालो. म्हणजे नकार द्यायला बसलो आणि एकच मूर्ती नव्यानं आणखी दोघांना देऊन उठलो.

मग ठरवलं, बोलणं आपलं काम नाही, लिहावं. या पाच घरांना एक नम्र ईमेल लिहिला. 'आपण ठरवलेली मूर्ती तांत्रिक कारणाने दुसऱ्या घरी ठरली आहे. क्षमस्व.' पाठवताना यादी निवडायची होती. 'सर्व ग्राहक' असं वर होतं. तेच निवडलं गेलं.

त्या वर्षी ज्यांची ज्यांची मूर्ती ठरली होती, त्या प्रत्येकाला ते पत्र गेलं. ज्यांचं काहीच बिघडलं नव्हतं, त्यांनाही.

रविवारी कात्रजला पोचलो तेव्हा शेडबाहेर रस्त्यापर्यंत रांग होती आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात पाट. सागवानी पाट, चांदीच्या फुल्यांचे पाट, कुणाचा माळ्यावरून काढलेला धुळीचा, एका जोडप्याचा तर दुकानाची चिठ्ठी न काढलेला. मोबाइलवरचं माझं पाटाचं चित्र कुणाला पुरेसं वाटलं नव्हतं. सगळे खरा पाट सरकवायला आले होते. रांग लावत होते इक्बालभाई. ताईंच्या मूर्ती घरोघर पोचवणारा टेम्पो त्यांचा, मूर्ती बांधण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. मला बघून आडवे आले.

"पानसेसाहेब, थोडं थांबा. ताईंच्या हातात कोरणी आहे."

"रागावल्यात?"

"नाही. हसतायत. म्हणून थांबा म्हणतोय."

सुनंदाताई एकेका माणसाला आत घेत होत्या, मूर्ती दाखवत होत्या, स्वतः पाट खाली सरकवत होत्या. माणूस बाहेर येताना निवांत झालेला दिसायचा. दुपारपर्यंत रांग ओसरली. उरली ती सहा घरं, आपापले पाट छातीशी धरून, मधोमध लाकडी घडवंचीवर तो मान कललेला गणपती.

लिमये म्हणाले, "आमचा अर्ज पहिला असावा."

एकजण म्हणाले, "मी तर सकाळपासून फोन हातात धरून बसलो होतो."

ऐश्वर्या माझ्याकडे बोट करून म्हणाली, "या काकांनी मला प्रॉमिस केलंय." त्यावर मागच्या आजी म्हणाल्या, "मलाही केलंय." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गणपतीकडे बघितलं. तो ऐकत होता.

आवाज वाढले. कुणी चिठ्ठ्या टाका म्हणालं, कुणी ग्राहक मंचाचं नाव घेतलं. ऐश्वर्याचा नवरा, इतका वेळ गप्प असलेला, म्हणाला, "नाहीतर दर वर्षी एकेकाकडे..." आणि स्वतःच थांबला, कारण विसर्जन केलेली मूर्ती दुसऱ्या वर्षी आणणार कुठून.

सुनंदाताईंनी कोरणी खाली ठेवली. हात पुसले. दोन्ही हातांनी मूर्ती उचलली. सगळ्यांनी माना उंचावल्या, त्या कुणाच्या पाटावर ठेवतायत ते बघायला. त्या कोपऱ्यातल्या, माती भिजवायच्या पाण्याच्या घमेल्याकडे गेल्या, खाली बसल्या, आणि मूर्ती पाण्यात ठेवली.

"अहो, काय करताय!" लिमये ओरडले.

"प्राणप्रतिष्ठा तुमच्या घरी होते," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तोवर ती माझी माती आहे."

सुकलेला शाडू पाणी प्यायला लागला की बारीक बुडबुडे येतात, तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आधी हात गेले. मान शेवटपर्यंत राहिली. आजींनी डोळ्याला पदर लावला. ताईंनी बाही वर केली आणि माती एकत्र मळायला घेतली. अशा वेळी आपण काही बोलू नये एवढी अक्कल मला त्या दिवशी कुठून आली कोण जाणे.

मग त्या वळून म्हणाल्या, "ही माती सहा जणांत वाटून घालते. सहा नव्या करते, प्रत्येकात थोडी ही. सारख्या होणार नाहीत, आधीच सांगते. मान कलेल की नाही, तेही सांगता येत नाही. ज्यांना चालेल त्यांनी पाट ठेवा."

मग लिमये पुढे झाले. रिकाम्या घडवंचीवर पाट ठेवला आणि म्हणाले, "आमचा जरा रुंद आहे. बसायला ऐसपैस करा." त्यांच्यामागे ऐश्वर्यानं ठेवला. आजींचा पाट इक्बालभाईंनी हातातून घेतला. सहाही राहिले.

त्या सहा मूर्ती मी पुढे पाहिल्या. सुरेख होत्या. पण तशी मान पुन्हा जमली नाही, ताईंनाही नाही, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या पहिल्या मूर्तीचा फोटो अजून माझ्या संगणकात आहे. कामाच्या तीस-एक वर्षांत मी बरंच काही पुसलंय, चुकून आणि मुद्दाम. तो पुसवत नाही.

त्या रविवारी सगळे गेल्यावर मी शेडमध्येच रेंगाळलो. इक्बालभाई टेम्पोत पेंढा भरत होते. ताई मातीवर ओलं फडकं टाकत होत्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "ताई, पुढच्या वर्षी हे होणार नाही. मी त्या कंपनीशी बोललोय. याच्यावरचं एक पॅकेज आहे. त्यात त्यांचा खास माणूस असतो, तोच सर्व्हर दिवसरात्र सांभाळतो. आपल्याला हातच लावायला लागत नाही."

त्यांनी फडकं नीट केलं आणि माझ्याकडे बघितलं.

"सर्व्हर चांगला आहे हो काका, त्या बिचाऱ्यानं सांगितलं तेवढं केलं. तुम्हाला सांभाळणारी एखादी कंपनी आहे का कुठे, ते बघा. तिचे पैसे मी भरते."